आमचं काळं रान पांढरं पडलंय, दोनदा जिप्सम टाकूनही फरक नाही. काय करावं?

वाळव्याची_शुभा | ११ जानेवारी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

वाळवा तालुक्यात कृष्णेपासून जवळच आमचं सव्वातीन एकर रान आहे, एका तुकड्यात. खोल काळं. माझ्या लहानपणी याच रानात आडसाली उसाला एकरी पंचावन्न-साठ टन पडायचा, आण्णा फडातून बाहेर आले की दिसायचेच नाहीत इतका दाट ऊस. आता ओढ्याकडचा साधारण सव्वा एकर पट्टा गेल्यासारखाच आहे. गेल्या वेळी तिथं एकरी अठरा टन पडला आणि यंदा खोडवा फुटलाच नाही. निम्मे डोळे कुजले.

संक्रांतीसाठी गावी आलेय. काल सकाळी सातला गेले तर सरीच्या वरंब्यावर कुणी पीठ चाळून ठेवलंय असं दिसत होतं. माझा मुलगा म्हणाला आई बर्फ. बोटानं उचललं तर भुसभुशीत, हलकं, आणि जिभेला लावलं तर खारट आणि मागून थोडं कडू. सरीत मात्र चिखल, चप्पल रुतते. पांढरं वर आणि ओलं खाली, हे कसं काय? कडेला वेडी बाभूळ आणि पाणकणीस माजलंय.

तालुक्याच्या एका दुकानदाराच्या सांगण्यावरून दोन वर्षं एकरी दोन-दोन टन जिप्सम टाकलं. काहीही फरक नाही. आता दादा म्हणतोय की वरची माती वीटभट्टीला देऊन टाकू आणि खड्ड्यात मासे सोडू. आण्णा त्यावर काही बोलत नाहीत, पण परवापासून जेवण कमी झालंय त्यांचं. मला एवढंच कळून घ्यायचंय की रान खरंच गेलं का, की परत येऊ शकतं?

खोडवा | ११ जानेवारी
ताई, माती तपासली का? सामू (पीएच) किती, ईसी (म्हणजे क्षारांचं माप) किती? आकड्याशिवाय कुणीच काही सांगू नये.

वाळव्याची_शुभा | ११ जानेवारी
नाही तपासली. दुकानदार ढेकूळ बघून म्हणाला चोपण आहे, जिप्सम टाका.

सेंद्रिय_सदा | ११ जानेवारी
ताई, वाईट वाटलं वाचून. पण हे होणारच होतं. तीस वर्षं युरिया, डीएपी, पोटॅश ओतलं आपण, जमीन मेली. सगळी रासायनिक खतं बंद करा, एकरी दहा गाड्या शेणखत, जीवामृत, आणि पाचट जाळू नका. आमच्या रानात चार वर्षांत गांडूळ परत आले, ढेकळं हातानं फुटायला लागली. काळ्या आईला खायला घाला, ती परत देते.

मृदगंध | ११ जानेवारी
मी कृषी महाविद्यालयात अठ्ठावीस वर्षं मृदाशास्त्र शिकवलंय, आता निवृत्त आहे. शुभाताई, तुमचं वर्णन वाचून मला अंदाज आलाय पण आधी दोन कामं करा.

एक, नमुना. नुसता वरचा पांढरा थर खरवडून देऊ नका, त्यात आकडा भलताच येईल. खराब पट्ट्यात एक जागा आणि चांगल्या रानात एक जागा, दोन्हीकडे वेगवेगळ्या खोलीचे नमुने घ्या: वरचा एक फूट, दुसरा फूट, तिसरा फूट, वेगवेगळ्या पिशव्यांत. सामू, ईसी आणि विनिमययोग्य सोडियमचं प्रमाण, म्हणजे ईएसपी, तिन्ही मागा. नेहमीच्या मृदा आरोग्य पत्रिकेवर सामू, ईसी असतं पण ईएसपी नसतं, आणि तुमचा सगळा निर्णय त्यावरच आहे.

दोन, खराब पट्ट्यात पाच फूट खोल खड्डा घ्या आणि चोवीस तास तसाच ठेवा. दुसऱ्या दिवशी पाणी कुठवर चढलंय ते टेपनं मोजा.

आणि तोवर घरी एक गंमत करून बघा. खराब पट्ट्यातलं सुपारीएवढं वाळलेलं ढेकूळ घ्या, काचेच्या ग्लासात पावसाचं किंवा बॅटरीत घालतात ते पाणी घ्या, आणि ढेकूळ अलगद सोडा. हलवू नका. ढेकूळ नुसतं विरघळून ढीग झालं आणि वरचं पाणी स्वच्छ राहिलं तर एक गोष्ट, आणि ढेकळाभोवती दुधासारखा गढूळ ढग पसरला तर दुसरी. दूध झालं तर सोडियमनं मातीचे कण सुटे केलेत, ती चोपण. बोअरचं पाणी वापरू नका, त्यातल्या क्षारांनी निकाल चुकतो.

खोडवा | ११ जानेवारी
सदाभाऊ, शेणखताबद्दल वाद नाही, मीही टाकतो. पण क्षारपड युरियानं होत नाही, पाण्यानं होते. आमच्या शिरोळ तालुक्यात जी रानं गेली ती सगळ्यात जास्त खत खाणाऱ्यांची नव्हती, सगळ्यात खाली असणाऱ्यांची होती. वरच्या गल्लीतला माणूस पाणी पाजतो आणि खालच्याचं रान फुटतं.

आमच्याकडं उपसा सिंचनाचं पाणी आल्यावर पहिली दहा वर्षं नुसती दिवाळी. पाणीपट्टी एकरावर, पाण्यावर नाही, मग दहा पाळ्या दिल्या काय आणि वीस दिल्या काय, पैसे तेवढेच. त्यात लाईट रात्रीची. मोटर चालू करायची, दंड फोडायचा आणि खोपटात झोपायचं, पहाटे उठलं की सरी तुडुंब. माझे वडीलही हेच करायचे आणि मीही केलंय, लपवत नाही. उसाला वर्षाला दोन मीटर पाणी लागतं म्हणतात, आम्ही किती पाजलं देव जाणे. ते जास्तीचं सगळं खाली साठत गेलं. १९९० ला विहिरीचं पाणी तीस फुटांवर होतं, २००५ ला काठावर बसून पाय बुडवता यायचे. आम्हाला वाटलं विहीर फळली! दोन वर्षांनी रान पांढरं.

अकोलेकर | १२ जानेवारी
खोडवा, तुमचं तिकडचं पटलं पण पाण्यामुळेच होते हे सगळीकडे खरं नाही भाऊ. आमच्या पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती, बुलडाणा, या तीन जिल्ह्यांत खारपाणपट्टा आहे. आमच्याकडे ना कालवा ना ऊस. पाणी पाजून बिघडवायला पाणीच नव्हतं. तरी जमीन चोपणाकडे झुकलेली आणि विहिरीचं पाणी असं की चहा फाटतो. माझ्या आजोळी सून नवीन आली की तिला पहिलं शिकवायचे की डाळ शिजवायला पावसाचं पाणी वेगळं ठेवायचं.

आम्ही कपाशी, मूग करतो आणि पाऊस बरा झाला तर मुरलेल्या ओलीवर हरभरा. ज्यांनी जोशात बोअरचं पाणी पिकाला दिलं त्यांची रानं दोन-तीन वर्षांत दगड झाली. आता शेततळी झालीत, पावसाचं गोड पाणी साठवून एखादी पाळी देतो.

कुंडीवाली | १२ जानेवारी
मला शेतीतलं काही कळत नाही, कोथरूडच्या गच्चीत चाळीस कुंड्या आहेत फक्त. पण शुभाचं वाचून आत्ता वर जाऊन आले. माझ्या मोगऱ्याच्या कुंडीला बाहेरून आणि मातीवर अगदी असाच पांढरा थर आहे! टँकरचं आणि बोअरचं पाणी घालते. हे तेच का? हसू नका.

मृदगंध | १२ जानेवारी
कुंडीवाली ताई, हसायचं काय, वर्गात मी हेच उदाहरण द्यायचो. अगदी तेच आहे. आता जाऊन त्या कुंडीचं खालचं भोक बघा, मुळांनी बुजलं असेल किंवा खाली बशीत पाणी साठत असेल.

कुंडीवाली | १२ जानेवारी
बुजलंय!! तुम्हाला कसं कळलं?

मृदगंध | १२ जानेवारी
पाण्यात क्षार असतात, अगदी चांगल्या नदीच्या पाण्यातसुद्धा. झाड पाणी पितं, ऊन पाणी उडवतं, क्षार मागे राहतात. भोक उघडं असेल तर जास्तीचं पाणी ते क्षार घेऊन निघून जातं. भोक बंद असेल तर पाणी एकाच वाटेनं जातं, वर. दिव्यातल्या वातीतून तेल चढतं तसं पाणी मातीच्या बारीक पोकळ्यांतून चढतं, पृष्ठभागावर उडतं आणि मीठ तिथं ठेवून जातं. म्हणून शुभाताई, तुमच्या वरंब्याच्या माथ्यावर पीठ आणि सरीत चिखल. वरंबा म्हणजे वातीचं टोक.

आता हिशोब करा. एक एकरावर दोन मीटर पाणी म्हणजे सुमारे ८० लाख लिटर. पाणी अगदी गोड, लिटरला फक्त ३०० मिलिग्रॅम क्षार धरले तरी वर्षाला एकरी सुमारे २४ क्विंटल मीठ आपण स्वतःच्या हातानं रानात घालतो. विहिरीच्या पाण्यात हे दुप्पट-तिप्पट सहज असतं. पन्नास किलोची पोती मोजा म्हणजे अंगावर काटा येईल.

अकोलेकरांचं म्हणणंही बरोबर आहे आणि त्याचं कारण मातीच्या जन्मात आहे, थोडं विस्तारानं लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

आपला बहुतेक महाराष्ट्र सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांवर बसलाय. हा काळा खडक, बेसॉल्ट, यात गारगोटी जवळपास नसते. म्हणजे तो झिजला की वाळू होत नाही, चिकणमाती होते. आणि त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम भरपूर. सह्याद्रीच्या पूर्वेला पाऊस कमी, चार महिने ओलं आठ महिने कोरडं, त्यामुळे ही द्रव्यं धुऊन जात नाहीत आणि जी चिकणमाती बनते ती पापडासारखी थरांची, पाणी पिऊन फुगणारी. उन्हाळ्यात आपल्या काळ्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पहिला पाऊस त्या भेगांतून सरळ खोल जातो, मग माती फुगते आणि भेगा मिटतात. त्यानंतर पाणी खाली जायचा वेग इतका मंदावतो की भांड्याला झाकण बसल्यासारखं. तोच खडक घाटाच्या पलीकडे कोकणात, तिथं अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस, सगळं कॅल्शियम आणि सिलिका धुऊन नेतो, मागे उरतं लोह आणि ॲल्युमिनियम. तो तांबडा जांभा आणि त्याची आम्ल माती.

आणि एक गैरसमज काढून टाका. काळी म्हणजे सुपीक म्हणजे सेंद्रिय पदार्थ भरपूर, असं नाही. रशियातल्या काळ्या मातीवर डोकुचाएवनं १८८३ मध्ये अभ्यास मांडला, ती माती खरंच ह्यूमसनं काळी. आपली काळी प्रामुख्यानं त्या चिकणमातीच्या आणि लोह-टायटॅनियमयुक्त खनिजांच्या घडणीनं काळी, सेंद्रिय कर्ब कित्येक रानांत अर्धा टक्कासुद्धा नसतो. रंगावर जाऊ नका. सदाभाऊ कर्बासाठी जी तळमळ दाखवतात ती म्हणून योग्यच आहे, फक्त या रोगावरचं ते पहिलं औषध नाही.

पूर्णेच्या खोऱ्यात पाऊस कमी, उतार जवळपास नाही, माती खोल आणि चिकट. पाणी बाहेर पडत नाही, चुना खड्यांच्या रूपात खाली बसतो आणि कणांवर सोडियम वाढत जातो. तिथं हे काम निसर्गानं हजारो वर्षांत केलं, कृष्णाकाठी आपण तीस वर्षांत केलं.

सेंद्रिय_सदा | १२ जानेवारी
सर, पाण्याच्या मिठाचा हिशोब मी आयुष्यात कधी केला नव्हता. मान्य. पण खतांतही क्षार असतातच ना?

मृदगंध | १२ जानेवारी
असतात. म्हणून निचरा बंद असलेल्या रानात अति खत त्रास वाढवतंच. पण वाटा लहान आहे.

मांडवीकाठ | १३ जानेवारी
आमच्या गोव्यातली गोष्ट याच्या उलटी आहे. आमची खाजन शेती म्हणजे खाडीच्या भरतीच्या पाण्याखाली जाणारी जमीन बांध घालून मिळवलेली. बांधाला मानस असते, लाकडी दारं. भरतीला पाण्याच्या दाबानं आपोआप बंद होतात आणि ओहोटीला आतलं पाणी बाहेर ढकलून उघडतात. पावसात गोडं पाणी माती धुतं, मग कोरगूट भात, ते थोडं खारं सहन करतं. ही व्यवस्था गावाची होती, बांध फुटला की घंटा वाजायची आणि सगळे धावायचे.

आमच्या वाड्यावरचा बांध काही वर्षांपूर्वी फुटला आणि कुणी धावलं नाही, कारण निम्मी माणसं मुंबईत आणि गल्फमध्ये. तीन पावसाळ्यांत शेतात खारफुटी उगवली. आई अजून त्या बाजूच्या खिडकीत बसत नाही. शुभा, वीटभट्टीला माती देऊ नका. मीठ धुता येतं, नेलेली माती परत येत नाही.

पर्थकर | १३ जानेवारी
मूळचा तासगावचा, आता वीस वर्षं पश्चिम ऑस्ट्रेलियात. इथल्या गव्हाच्या पट्ट्यात दहा लाख हेक्टरांहून जास्त जमीन अशीच खारावलीय, आणि इथं सिंचनच नाही! गोऱ्यांनी जंगल साफ करून गहू पेरला. झाडांची मुळं खोल, ती वर्षभर पाणी ओढायची. गव्हाची मुळं उथळ आणि पीक सहा महिन्यांचं. न प्यालेलं पाणी खाली साठलं, पातळी वर आली आणि समुद्राच्या वाऱ्यानं हजारो वर्षांत आणून टाकलेलं मीठ सोबत वर आलं. गाडीतून जाताना मैलच्या मैल वाळलेली झाडं उभी दिसतात, बुंधे राखाडी.

मला इथं पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा गावाकडचा ओढ्याचा पट्टा आठवला होता. कारण वेगळं पण रोग एकच.

नीराकाठ | १३ जानेवारी
आणि हे आपल्याला आज कळलं असंही नाही. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला आणि पंचवीस वर्षांच्या आत बारामतीकडच्या जमिनी खारवट व्हायला लागल्या. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मान यांनी १९१० च्या आसपास नीरा खोऱ्यातल्या या खारवट जमिनींचा अभ्यास करून ठेवलाय. शंभर वर्षांवर होऊन गेली. माझे पणजोबा सांगायचे की साहेब घोड्यावरून यायचा, खड्डे घ्यायला लावायचा आणि पाणी मोजायचा. आम्ही त्याला भुताटकीचा साहेब म्हणायचो म्हणे. तेव्हाच्या लोकांनी खोल चर काढले होते, आमच्या शिवारात एक चर अजून आहे, पण निम्मा बुजवून त्यावर घरं झालीत.

बांधावरची | १३ जानेवारी
नीराकाठ, आमच्याकडेही तेच. ओढे, नाले सगळे नांगरून रानात घेतले लोकांनी. सात-बारावर ओढा आहे, जागेवर ऊस आहे. पाणी जाणार कुठून?

वाळव्याची_शुभा | ३० जानेवारी
सगळ्यांचे आभार. रजा वाढवून घेतली होती. रिपोर्ट आलाय.

खराब पट्टा, वरचा फूट: सामू ८.१, ईसी ८.६, ईएसपी ११. दुसरा फूट: ८.२, ५.९, १२. तिसरा: ८.२, ४.८, १२.
चांगलं रान, वरचा फूट: सामू ८.०, ईसी १.४, ईएसपी ५.

खड्डा मी आणि दादानं मिळून घेतला. साडेतीन फुटावर बाजूनं पाझर सुरू झाला, बांधाच्या वरच्या अंगानं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी वरून फक्त दोन फूट चार इंचांवर! आण्णा खड्ड्याच्या कडेला उकिडवे बसून बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "एवढ्या वर? म्हणजे आपण पाण्यावर चाललोय की."

आणि ग्लासात दूध झालं नाही. ढेकूळ फुटलं, पाणी स्वच्छ.

मृदगंध | ३० जानेवारी
शाब्बास, इतका नीट नमुना फार कमी लोक घेतात.

आता वाचा. ईसी ४ च्या वर, सामू ८.५ च्या आत आणि ईएसपी १५ च्या आत म्हणजे क्षारयुक्त जमीन. चोपण नव्हे. चोपण असती तर सामू ८.५ च्या वर आणि ईएसपी १५ च्या वर गेला असता, पाऊस पडल्यावर वर काळपट तेलकट पापुद्रा धरला असता. जिप्सममधलं कॅल्शियम मातीच्या कणाला चिकटलेल्या सोडियमला उठवून त्याची जागा घेतं, त्याचं काम तेवढंच. तुमच्याकडे उठवायला फारसा सोडियम नव्हताच, आणि जिप्सम स्वतःही एक क्षारच. चार टन एकरी फुकट गेलं. त्या दुकानदारानं ढेकूळ बघून औषध दिलं, हे मनाला लागतं, कारण असे पैसे शेतकऱ्याचे रोज जातात.

चोपण असती तरी उठलेला सोडियम पाण्याबरोबर बाहेर जायला वाट लागतेच. वाट नसेल तर जिप्समच्या आधी वाट.

उसाला ईसी १.७ च्या वर गेल्यापासून त्रास सुरू होतो, तुमचं ८.६ आहे आणि वर मुळं पाण्यात. ऊस आला नाही यात नवल नाही. पण रान गेलेलं नाही, ही चांगल्यातली चांगली बातमी. क्षारयुक्त जमीन सगळ्यात सोपी दुरुस्त होते.

खोडवा | ३० जानेवारी
ताई, आता माझं ऐका, आम्ही केलंय. जमिनीखालून सच्छिद्र पाईपचा निचरा. ८० मिलिमीटरचा नळीदार पाईप, बारीक भोकांचा, त्यावर फिल्टरचं कापड गुंडाळलेलं असतं म्हणजे माती आत जात नाही. चार फूट खोल चर घ्यायची, काळ्या रानात ओळी साठ-सत्तर फुटांवर. तुमच्या सव्वा एकराला चारेक ओळी होतील. उतार शंभर फुटाला दोन-अडीच इंच, आणि तो लेव्हल यंत्रानंच धरायचा, डोळ्यानं नाही. आमच्या पहिल्या ठेकेदारानं डोळ्यानं धरला होता, मधे पोट पडलं, सगळं उकरून परत घातलं. सगळ्या ओळी एका मोठ्या पाईपला जोडायच्या आणि तो ओढ्यात सोडायचा. जोडावर सिमेंटची टाकी ठेवायची, झाकण उघडून बघता येतं.

सगळ्यात आधी ओढ्याचा तळ मोजा. पाईपचं तोंड तळाच्या वर सुटलं पाहिजे. नाहीतर हौद करून मोटरनं उचलावं लागतं. आणि तुम्ही म्हणताय वरच्या अंगानं पाझर येतोय, मग त्या बांधाला लागून एक आडवी ओळ घालाच, वरचं पाणी तिथंच धरायला.

कसबे डिग्रजला कृषी संशोधन केंद्र आहे, तुम्हाला जवळ, तिथं जाऊन या.

वाळव्याची_शुभा | ३१ जानेवारी
इथंच अडलंय. आमच्या आणि ओढ्याच्या मधे चुलत्यांचं बावीस गुंठे आहे. त्यांचं आणि आमचं वाटणीपासून बोलणं नाही. चुलतभाऊ म्हणाला माझ्या रानातून पाईप जाणार नाही.

अकोलेकर | ३१ जानेवारी
एक विचारू का, राग मानू नका. तुमचं खारं पाणी ओढ्यात, ओढ्यातून नदीत. मग खालच्या गावाचं काय?

पर्थकर | ३१ जानेवारी
हा प्रश्न महत्त्वाचा आहे. इथं मरे नदीकाठी खारं भूजल नदीत शिरू नये म्हणून आधीच पंपानं उचलून दूर बाष्पीभवनाच्या तळ्यांत सोडतात. प्रचंड खर्चाचं काम.

मृदगंध | ३१ जानेवारी
अकोलेकर, याला सोपं उत्तर नाही. पावसाळ्यात नदी भरलेली असते तेव्हा धुणं जास्त करावं, उन्हाळ्यात निचरा झाकून ठेवता येतो. आणि खरा उपाय वरच्या अंगाला कमी पाणी पाजणं हाच, ठिबक करा, एक आड एक सरी पाणी द्या. वाफसा येऊ द्या! माती मुठीत दाबली तर गोळा व्हावा आणि बोटानं टोकरला तर फुटावा, तेव्हा मुळाला हवा आणि पाणी दोन्ही मिळतं. आपल्या भाषेत यासाठी एवढा नेमका शब्द आहे आणि आपण तो रानातून घालवला. निचरा घालून परत मोकाट पाणी पाजणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, घालू नका.

बांधावरची | १ फेब्रुवारी
शुभा, पुरुषांना बोलू देऊ नकोस. चुलतीकडे हळदीकुंकवाला जा, रथसप्तमीपर्यंत निमित्त आहे. आमच्याकडे असाच पाईप सासूबाईंनी मोकळा करून आणला होता. आणि जाताना त्यांच्याही रानातलं ढेकूळ घेऊन ये तपासायला. ओढ्याला लागून त्यांचं रान म्हणजे तुमच्यापेक्षा खाली, ते चांगलं असेलच कसं?

खोडवा | १ फेब्रुवारी
बरोबर. त्यांना सांगा पाईप चार फूट खाली असतो, नांगर लागत नाही, आणि त्यांच्या दोन ओळी त्याच पाईपला जोडून देऊ. आमच्याकडं सुरुवातीला नऊ जणांत तिघं नाही म्हणत होते. त्यातले दोघं आता दुसऱ्या गटाला समजवायला जातात.

वाळव्याची_शुभा | ९ डिसेंबर
धागा वर काढतेय. कुणाला आठवत असेल तर.

बांधावरची ताई, तुमचं ऐकलं. चुलतीनं आधी ओटीच भरली आणि मग स्वतःच सांगितलं की त्यांचं सोयाबीन दोन वर्षं पिवळं पडतंय. त्यांच्या मातीचा ईसी ९.८ निघाला. भाऊ तो कागद हातात घेऊन गप्प बसला, मग म्हणाला, "आमचं पण घालायचं का?" मे महिन्यात दोन्ही रानं मिळून काम झालं. डिग्रजच्या केंद्रात आधी जाऊन आलो, आराखडा दाखवून. जूनला हिरवळीच्या खतासाठी ढैंचा पेरला, ऑगस्टमध्ये फुलावर गाडला. सदाभाऊ, तुमची दहा गाड्या शेणखताची सूचनाही पाळली. दादानं उरलेल्या दोन एकराला ठिबक केलं, विटांचं नाव काढत नाही.

गेल्या आठवड्यात परत तपासलं. वरचा फूट: ईसी ४.७. म्हणजे अजून ऊस नाही लावणार, गहू टाकलाय आणि उगवण दोन-तीन चकंदळं सोडली तर सारखी आहे. पाण्याची पातळी आता पावणेचार फुटांवर.

पहिल्या मोठ्या पावसानंतर टाकीचं झाकण उघडून बघितलं होतं, बोटाएवढी धार, चहासारखं पाणी. आण्णांनी ओंजळीत धरून जिभेला लावलं आणि थुंकले. तेव्हापासून दर रविवारी ते चाखतात आणि कॅलेंडरवर लिहितात: खारट, खारट, कमी, खारट, कमी.

मृदगंध | ९ डिसेंबर
ताई, त्या कॅलेंडरचा फोटो पाठवाल का? मला खरंच हवाय. आणि आण्णांना म्हणावं चाखून गुळणी करा, गिळू नका.

कुंडीवाली | ९ डिसेंबर
मोगऱ्याचं भोक मोकळं केलं, नितळेपर्यंत पाणी घातलं तीनदा. यंदा मे महिन्यात एका दिवशी सत्तावीस फुलं.

खोडवा | १० डिसेंबर
शुभाताई, ओढ्यात जिथं पाईपचं तोंड सुटलंय तिथं जाळी लावली का? खेकडे आणि उंदीर आत शिरतात, आमची एक ओळ त्यानंच तुंबली होती.

वाळव्याची_शुभा | १० डिसेंबर
नाही लावली! आत्ताच दादाला फोन करते.